पायथॉन की जावा? आधी जमीन बघा

सोनई परिसरात ऊस लावायचा झाला, तर 'सगळ्यात चांगला वाण कोणता?' असा प्रश्न जाणता शेतकरी विचारत नाही. जमीन भारी आहे की हलकी, मुळा धरणाच्या आवर्तनाचा भरवसा किती, लागण आडसाली करायची, पूर्वहंगामी की सुरू, हे ठरल्यावर तो वाणाकडे वळतो. को ८६०३२ बरा की फुले २६५, यावर पारावर वाद रंगतात. पण ते वादही जमीन, पाणी आणि हंगाम यांच्याभोवतीच फिरतात.

त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी बारावी झाली, की मात्र हे शहाणपण बाजूला पडते. संगणकाचे शिक्षण घ्यायचे ठरते आणि पहिलाच प्रश्न येतो, 'सध्या कोणती भाषा चालते?' मामाचा पुण्यातला ओळखीचा मुलगा जावा सांगतो, नगरच्या क्लासचा फलक पायथॉन सांगतो, मोबाइलवरचा व्हिडिओ तिसरेच नाव घेतो आणि जुन्या भाषा 'संपल्या' म्हणून जाहीर करतो. उसाच्या बिलातून फी भरली जाते. सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणते, 'आता ती भाषा कोण वापरतो?' मग पोराच्या मनात धास्ती बसते, की आपण चुकीच्या गाडीत बसलो.

ही धास्ती कितपत खरी आहे? संगणकाच्या भाषांमधली लाट कशी येते, ती भाषा खरोखर चांगली असते म्हणून येते का आणि एक भाषा शिकलेल्या मेंदूला दुसरी किती जड जाते, यावर गेल्या काही वर्षांत संशोधन झाले आहे. त्याचे निष्कर्ष फी भरण्यापूर्वी वाचण्यासारखे आहेत.

भाषा संगणकाची नव्हे, माणसाची

संगणकाला थेट कळतात ते शून्य आणि एक यांचे संकेत. त्या संकेतांत मोठे काम लिहून काढणे माणसाला जवळपास अशक्य. म्हणून माणसाला वाचता-लिहिता येईल अशी मधली भाषा तयार केली जाते आणि कंपायलर किंवा इंटरप्रीटर नावाचा प्रोग्राम ती यंत्राच्या संकेतांत उतरवतो. एमएस-सीआयटीमध्ये आपण संगणक वापरायला शिकतो. प्रोग्रामिंगमध्ये संगणकाने काय करावे, हे त्याला पायरीपायरीने सांगायला शिकतो. भाषा म्हणजे ते सांगण्याचे साधन.

प्रत्येक भाषा एखाद्या कामासाठी जन्माला आली. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये आणलेली फोरट्रान शास्त्रीय गणितासाठी होती. १९५९ मध्ये जिचे काम सुरू झाले, ती कोबोल हिशेब आणि कचेरीच्या कामांसाठी. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेली सी ही युनिक्स ही संगणकप्रणाली लिहिण्यासाठी. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत सुरू केलेली आणि १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवलेली पायथॉन ही वाचायला सोपी, चटकन काम उरकणारी भाषा म्हणून. आज 'नवी' म्हणून जिची जाहिरात होते, ती पायथॉन जावापेक्षा वयाने मोठी आहे. जावा आली १९९५ मध्ये.

लाटा कशा येतात

त्याच १९९५ सालातली गोष्ट या क्षेत्रातल्या फॅशनचा नमुना म्हणून सांगता येईल. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरसाठी एका भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. तेव्हा जावाचा प्रचंड बोलबाला होता. म्हणून बाजारात आणताना तिला नाव दिले गेले जावास्क्रिप्ट. दोन्ही भाषांचा आतला स्वभाव वेगळा. नाते मुख्यतः नावाचे. आजही अनेक नवशिके दोन्हींना एकच समजतात.

दुसरा नमुना ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचा. १९८०च्या दशकातली ही भाषा वर्षानुवर्षे मोजक्या लोकांपुरती होती. आयफोन आला, त्यावरचे ॲप याच भाषेत लिहावे लागत, आणि भाषांच्या लोकप्रियतेची यादी करणाऱ्या 'टिओबे' निर्देशांकात ती २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे 'वर्षाची भाषा' ठरली. २०१४ मध्ये ॲपलने स्विफ्ट ही नवी भाषा जाहीर केली आणि ऑब्जेक्टिव्ह-सीची उतरण सुरू झाली. भाषेत काही बिघडले नव्हते. ती ज्या फोनच्या खांद्यावर बसून वर आली, त्या फोनच्या कंपनीने दुसरीला खांदा दिला.

अशा याद्या नेमके काय मोजतात, हेही लक्षात घ्यायला हवे. टिओबेची गणना मुख्यतः सर्च इंजिनांवर त्या भाषेविषयी किती पाने सापडतात यावर बेतलेली आहे. म्हणजे यादीत दिसते ती भाषेची चर्चा. प्रत्यक्ष किती कामे त्या भाषेत चालू आहेत, याचा तो हिशेब नव्हे.

आपल्याकडे उलटेही घडले. लाट ओसरली तरी साधन चिकटून राहिले. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर भारतातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या सी शिकल्या. त्या काळात बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा डॉसवर चालणारा कंपायलर प्रयोगशाळांमधून सर्रास होता. पुढे विंडोज बदलली, तो तिच्यावर सरळ चालेना. तरी अनेक महाविद्यालयांनी डॉसचे सोंग घेणारा वेगळा प्रोग्राम बसवून निळ्या पडद्याचा टर्बो सी चालूच ठेवला. त्यामागे ना फॅशन होती ना गुणवत्ता. शिक्षकांच्या टिपणवह्या, प्रात्यक्षिकांच्या फाइली आणि परीक्षा त्यावर बसलेल्या होत्या.

निवड कशावरून होते

मग अनुभवी डेव्हलपर भाषा कशी निवडतात? अमेरिकेत लिओ मेयरोविच आणि एरियल रॅबकिन यांनी दोन लाखांहून अधिक खुल्या प्रकल्पांची नोंद आणि हजारो प्रोग्रामरांची उत्तरे तपासून २०१३ मध्ये याचे उत्तर दिले. निवडीवर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टी तीन निघाल्या : त्या भाषेत आयती मिळणारी साधने, आधीच लिहून ठेवलेले काम आणि स्वतःची व सहकाऱ्यांची सवय. भाषेचा वेग, नेटकेपणा, भरवसा या ज्या गुणांवरून वाद पेटतात, त्यांचे वजन कमी भरले. याच अभ्यासात आणखी एक बाब दिसली. प्रोग्रामर भाषा भराभर शिकतात आणि तितक्याच भराभर विसरतात. किती भाषा येतात याचा वयाशी फारसा संबंध दिसला नाही.

पायथॉनची आजची चलती याच नियमात बसते. आकडेमोड, आलेख, यंत्रशिक्षण यांसाठीची आयती साधने तिच्याभोवती जमा झाली, म्हणून माणसे तिकडे गेली. माणसे गेली म्हणून साधने आणखी वाढली. गंमत अशी, की पायथॉनचा नेहमी वापरला जाणारा इंटरप्रीटर सी भाषेत लिहिलेला आहे आणि जड आकडेमोड करणाऱ्या नमपाय या साधनाचा गाभाही सीमध्येच आहे. 'सी संपली' असे सांगणारा पायथॉनचा क्लासही सीच्याच पायावर उभा असतो.

चुका भाषेमुळे होतात का?

'अमुक भाषेत चुका कमी होतात' हा दावा सतत ऐकू येतो. २०१४ मध्ये बैशाखी रे आणि सहकाऱ्यांनी गिटहब या संकेतस्थळावरचे ७२९ प्रकल्प, १७ भाषा आणि सुमारे आठ कोटी ओळी तपासून भाषा आणि चुका यांचे नाते मांडले. परिणाम माफक आहे, असे त्यांनी स्वतःच म्हटले होते. तरी वादात हा अभ्यास हत्यारासारखा वापरला गेला. २०१९ मध्ये एमरी बर्गर, यान व्हिटेक आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. तेव्हा ११ पैकी चारच भाषांबाबत नाते टिकले, आणि तेही अत्यंत क्षीण. मूळ मोजणीत गफलतीही आढळल्या. टाइपस्क्रिप्ट भाषेच्या म्हणून धरलेल्या काही फाइली प्रत्यक्षात भाषांतराच्या याद्या होत्या. फाइलच्या नावाचे शेवटचे दोन अक्षरी टोक सारखे, एवढेच साम्य.

अमेरिकेतल्या अँड्रियास स्टेफिक आणि सहकाऱ्यांचा २०११चा प्रयोग त्याहून मजेशीर आहे. कधीच प्रोग्रामिंग न केलेल्यांना तीन गटांत वाटून तीन भाषा दिल्या : गटाने स्वतः घडवलेली कोरम, त्या काळची नावाजलेली पर्ल आणि जिची चिन्हे चक्क चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ठरवली होती अशी तिसरी. पर्ल वापरणाऱ्यांची अचूकता त्या चिठ्ठीच्या भाषेपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त भरली नाही. कोरम मात्र सरस ठरली. म्हणजे नवशिक्यासाठी भाषेची मांडणी महत्त्वाची आहे. पण तज्ज्ञांची लाडकी भाषा नवशिक्यालाही सोपी जाईल, असे मुळीच नाही.

काही ठिकाणी भाषेने खरोखर फरक पडतो, हेही सांगायला हवे. सी आणि सी++ या भाषांत संगणकाच्या स्मृतीची राखण प्रोग्रामरने स्वतः करायची असते. त्याची नजर चुकली, की हल्लेखोराला वाट मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की त्यांच्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या सुमारे ७० टक्के त्रुटी याच प्रकारच्या आहेत. गूगलने अँड्रॉइडमधला नवा भाग रस्टसारख्या, स्मृतीची राखण स्वतः करणाऱ्या भाषांत लिहायला सुरुवात केली. तेथे अशा त्रुटींचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. म्हणजे रस्टचा गाजावाजा निव्वळ हवा नाही. पण हा फायदा ठराविक कामातला आहे. प्रत्येक वाण प्रत्येक रानात सारखा उतरत नाही, तसेच हे.

मेंदूत काय चालते

आता मुख्य प्रश्न. भाषा शिकताना आणि वापरताना मेंदू काय करतो? अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत ॲना इव्हानोव्हा, एव्हलिना फेडोरेन्को आणि सहकाऱ्यांनी प्रोग्रामरांना एफएमआरआय यंत्रात झोपवून प्रोग्राम वाचायला दिले. काहींना पायथॉनचे, काहींना स्क्रॅचज्युनिअर या मुलांसाठीच्या चित्रांच्या भाषेतले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की बोलीभाषा समजून घेणारे मेंदूचे भाग या कामात विशेष सहभागी नव्हते. जोरात काम करत होते ते कपाळामागचे आणि डोक्याच्या वरच्या मागच्या बाजूचे भाग. एखादे कोडे सोडवताना किंवा अनेक गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवताना हेच भाग जागे होतात. प्रोग्राम पायथॉनचा असो वा चित्रांचा, चित्र साधारण तेच.

त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठात शाँटेल प्राट यांच्या गटाने ३६ प्रौढांना पायथॉन शिकवून कोण लवकर आणि चांगले शिकते, हे पाहिले. शिकण्यातल्या फरकाचा सरासरी ३४ टक्के वाटा तर्क आणि तात्पुरती स्मरणशक्ती यांनी उलगडला, १७ टक्के नवी भाषा शिकण्याच्या क्षमतेने, आणि आकडेमोडीच्या कौशल्याने केवळ २ टक्के. अभ्यास लहान आहे, त्यावरून अंतिम निवाडा देता येणार नाही. तरीही 'गणित कच्चे आहे, संगणक जमणार नाही' असे सांगून गावाकडच्या अनेक मुलींना या वाटेवरून परत पाठवले जाते, तेव्हा हा २ टक्क्यांचा आकडा आठवावा.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले, तर चित्र असे दिसते : पहिली भाषा शिकताना नवे शब्द आणि नियम अंगवळणी पडावे लागतात, पण नंतर चालते ते मुख्यतः डोके. कामाचे तुकडे पाडणे, क्रम लावणे, शक्यता ध्यानात ठेवणे.

एक बिल, कोणतीही भाषा

कारखान्याच्या उसाच्या बिलाचे उदाहरण घेऊ. सभासदांची यादी घ्या. एकेकाचे नाव उचला. वजनकाट्यावरच्या त्याच्या सगळ्या खेपांची बेरीज करा. टनाच्या भावाने गुणा. कपाती असतील तर वजा करा. नाही तर तसेच पुढे जा. यादी संपेपर्यंत हेच करा. या सात वाक्यांत प्रोग्रामिंगचा बराचसा पाया आला : यादी, फेरा, बेरीज, अट. हे कागदावर मराठीत मांडता आले, तर जावा, पायथॉन, सी किंवा कोबोल यांत उतरवणे हा पुढचा भाग. ज्याला हे मांडता येत नाही, त्याला कोणतीही चलतीची भाषा तारत नाही.

दुसरी भाषा शिकताना अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. शब्द ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच फसवतो. संगणकाच्या भाषांतही असेच होते. सीमध्ये ७ भागिले २ लिहिले, की उत्तर येते ३, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यावर ती अपूर्णांक टाकून देते. आजच्या पायथॉनमध्ये तेच लिहिले, की येते साडेतीन. ग्लासगो विद्यापीठातल्या एथेल त्शुकुडू यांच्या अभ्यासात हेच आढळले : जिथे दोन भाषांचे रूप आणि अर्थ दोन्ही सारखे, तिथे विद्यार्थी सहज पुढे जातात, रूप सारखे पण अर्थ वेगळा असला की अडखळतात. चांगला शिक्षक हे सापळे आधीच दाखवतो. बिलात हाच सापळा लागला, तर प्रत्येक अर्ध्या टनाचे पैसे बुडतील.

जुने लगेच मरत नाही

'संपली' म्हटलेल्या भाषा बऱ्याचदा संपत नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या सवयीमुळे २००० साली जुने प्रोग्राम गोंधळतील, अशी भीती निर्माण झाली. ते दुरुस्त करण्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले आणि त्यात कोबोल येणाऱ्यांना मागणी आली. एप्रिल २०२० मध्ये करोनाकाळात बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक द्यावी लागली. साठ वर्षांची भाषा, आणि भत्ता तिच्यावर अडलेला.

याउलट सगळ्यांनी एकाच लाटेमागे धावण्याचा धोका ऊसवाल्यांना सांगायला नको. को ०२३८ या वाणाने उत्तर प्रदेशात उत्पादन आणि उतारा दोन्ही वाढवले. बहुतांश क्षेत्र त्याच एका वाणाखाली गेले आणि मग लाल कूज रोगाने तो सापडला. वाण खोटा नव्हता. सगळा भार एकावर टाकला, ही चूक होती.

फी भरण्यापूर्वी

सोनई ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथे भाषेच्या निवडीचा एक मोठा दाखला आहे. शके १२१२ मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. प्रतिष्ठेची भाषा संस्कृत होती. निवड झाली ती ऐकणारे कोण आहेत, यावरून. संगणकाच्या भाषेबाबतही काम कोणते आणि ते पुढे कोण सांभाळणार, हेच आधी पाहायचे असते.

म्हणून क्लासच्या टेबलापाशी 'कोणती भाषा चालते?' याऐवजी वेगळे प्रश्न विचारावेत. कोर्स संपल्यावर मुलगा स्वतः काय तयार करून दाखवील? एखादे काम भाषेशिवाय, कागदावर मांडायला शिकवता का? दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचून त्यातली चूक शोधायला लावता का? हा शेवटचा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झाला आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोणत्याही भाषेत पानेच्या पाने लिहून देतात. ती बरोबर आहेत का, हे ओळखणारा माणूस मात्र लागतो.

पहिली भाषा म्हणून पायथॉन निवडली तर बिघडत नाही. सी किंवा जावा निवडली तरी नाही. महाविद्यालयात जी शिकवतात, तिच्यात निदान वर्षभर मनापासून काम करावे. मोठी फी भरण्याआधी मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहून घ्यावा. त्याचे अनेक विषयांचे धडे मराठीतही आहेत आणि मोफत आहेत. महिनाभर त्यावर घालवला, तर आपल्याला हे काम आवडते का, एवढे तरी कळते.

आणि सहा महिन्यांनी पारावर कुणी नव्या भाषेचे नाव घेतलेच, तर घाबरायचे कारण नाही. उसाच्या बिलाचा तोच हिशेब त्या भाषेत लिहून पाहावा. पहिल्या वेळी त्याला दोन महिने लागले असतील, तर आता बहुधा काही दिवस पुरतील.